बोटीवरचा मेल

“काकी, कुणाला मारायचं?” मनस्वीने विचारलं.

मथुराने चहाचा कप खाली ठेवला. शनिवारची दुपार होती, ऑफिसात दोघीच होत्या आणि प्रश्न अगदी सरळ, कामाचा होता. लॅपटॉपवर एक फॉर्म उघडा होता. खलाशाचं नाव, बोटीचं नाव, नातं, कारण. कारणाच्या चौकटीतला बाण दाबला की खाली पर्याय उघडत: आजारपण, अपघात, मृत्यू, इतर. ‘मृत्यू’ निवडल्यावर मेल कसा तयार होतो आणि कसा दिसतो, एवढंच बघायचं होतं.

“टाक की एखादं खोटं नाव,” मथुरा म्हणाली.

“खोटं घेत नाही ना. यादीतलाच खलाशी लागतो.” मनस्वीने यादी उघडली. “हा बघा, पहिलाच. अमेय पिलणकर. ह्याच्या आईचं नाव काय?”

“नको गो बाय. ती काल माझ्यासोबत रिक्षात व्हती. कोळंबी घेऊन चाललेली.”

“अहो काकी, टेस्ट आहे ही. टेस्ट मोड चालू आहे. बोटीवर काही जाणार नाही, सगळे मेल माझ्याच इनबॉक्सला येऊन पडणार.”

“पडूदेत. पण कुणाच्या जित्या आईला खोटंखोटं तरी कशाला मारायचं?” मथुराने क्षणभर विचार केला. “माझंच टाक. रितेश शिवलकर. आई, मथुरा सखाराम शिवलकर.”

मनस्वीने वर बघितलं. “नक्की?”

“मी हाय ना हितं बसलेली. माझं काय वाकडं होणाराय?”

मनस्वीने नाव निवडलं आणि बोटीचं नाव आपोआप पुढच्या रकान्यात येऊन बसलं: ग्रे पेलिकन. मथुराने ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर रितेशचं नाव सुचवण्यामागे हेही एक कारण होतं. वर्ष उलटून गेलं, मुलगा तिच्याशी बोलत नव्हता. तो कुठल्या बोटीवर आहे हे ऑफिसच्या फायलीत होतंच, पण आपणहून फाईल काढून बघायला तिचं मन घेत नसे. आता कामच निघालं म्हटल्यावर गोष्ट वेगळी.

एस.टी. स्टँडमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अकबरभाई मुकादमांचं हे ऑफिस. आसपासच्या गावांतली पोरं मालवाहू बोटींवर लावून द्यायची, हा धंदा. अकबरभाई स्वतः तरुणपणी बोटीवर भांडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. मग गुडघे गेले आणि ते जमिनीवर आले. मथुरा इथे लागली ती फोन उचलायला आणि चहा करायला. पुढे टायपिंग आलं. आणि कधी, कसं ते कुणी ठरवलं नाही, पण घरून बोटीवर निरोप पाठवायचं काम तिच्याकडेच येऊन थांबलं. राजिवड्याहून, हर्णेहून, गुहागरकडून बायका येत, बाकावर बसत, निरोप सांगत, आणि मथुरा तो आपल्या इंग्रजीत कॅप्टनच्या पत्त्यावर धाडून देई. तिच्या इंग्रजीला व्याकरण असं नव्हतं. पण ग्रीक कॅप्टन असो की फिलिपिनो, निरोप कळला नाही अशी तक्रार कधी आली नाही.

हल्ली पोरांकडे फोन असतात, बऱ्याच बोटींवर इंटरनेटही असतं. जन्म, बारसं, साखरपुडा हे सगळं आता ज्याचं तो कळवतो. मरण मात्र अजून ऑफिसातूनच जाई. ते थेट पोराच्या फोनवर टाकायला घरच्यांची छाती होत नसे. रात्रपाळीला एकटा डेकवर उभा असेल आणि खिशात फोन वाजेल, ही धास्ती. म्हणून निरोप कॅप्टनला, आणि कॅप्टनने त्याला केबिनमध्ये बसवून सांगायचं, अशी रीत पडली होती.

बोटींच्या मालक कंपनीला मात्र हे हाती टाईप केलेले मेल पसंत नव्हते. त्यांना सगळं एका वेब अ‍ॅप्लिकेशनमधून हवं होतं. कुणी कधी काय कळवलं याची नोंद राहील, असं. म्हणून मनस्वी आली. मूळची रत्नागिरीचीच. पुण्याची नोकरी सोडून आता घरी बसून कामं घेणारी, हुशार आणि बोलण्यात गोड. तिने मेलचे दोन रस्ते केले. कागदपत्रं, तारखा, मेडिकल, असले साधे मेल नेहमीच्या सर्व्हरवरून. तातडीचे मेल उपग्रहवाल्या कंपनीच्या वेगळ्या सर्व्हरवरून. त्यात चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर, म्हणजे बोटीवरच्या बारीक नेटवरही तो झटकन पोचेल. पाठवणाऱ्याचा पत्ता नो-रिप्लाय. कुणी उत्तर दिलंच तर ते एका डब्यात जाऊन पडायचं, तो डबा कुणी उघडायचा नाही, आणि महिन्याने तो आपोआप रिकामा व्हायचा.

मजकुरात मथुराने एकाच गोष्टीचा हट्ट धरला होता. शेवटी एक वाक्य हवंच: कृपया त्याची ड्यूटी संपल्यावर सांगावे आणि रात्रभर एक माणूस त्याच्याजवळ ठेवावा.

“हे सगळ्याच मेलला लागेल?” मनस्वीने विचारलं होतं.

“मरणाच्या सगळ्या,” मथुरा म्हणाली होती.

मनस्वीने बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या पट्टीत ‘पाठवला’ असं आलं. मग तिने आपला इनबॉक्स उघडला. मेल नव्हता. स्पॅम बघितलं, तिथेही नव्हता.

“येईल. कधीकधी वेळ लागतो,” ती म्हणाली. इतक्यात वीज गेली, वायफाय गेलं, आणि तिच्या मुलीच्या शाळेची बस यायची वेळही झाली. “सोमवारी बघू या, काकी.”

मथुराने कप विसळले, खिडक्या लावल्या आणि ती मिऱ्याची बस पकडून घरी गेली. वाटेत एकदा तिच्या मनात आलं, मेलेल्या बाईला बसमध्ये बसायला जागा मिळाली हे एक बरं झालं. तिचं तिलाच हसू आलं.

रितेशचं बोलणं का बंद झालं, हे मिऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं मूळ हर्णेच्या एका पोरात होतं, हे मात्र फक्त अकबरभाईंना ठाऊक होतं.

बरीच वर्षं झाली त्याला. त्या पोराचा बाप वारला आणि मथुराने नेहमीसारखा मेल पाठवला. तेव्हा शेवटचं वाक्य नसे. कॅप्टनने पोराला बोलावून सांगितलं, पोरगा बरं म्हणाला, गेला. सकाळी मोजणी झाली तेव्हा तो बोटीवर नव्हता. अकबरभाई हर्णेला जाऊन आले. मथुराला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. पण मरणाच्या मेलला शेवटचं वाक्य लागलं ते तेव्हापासून, आणि तिचा हात की-बोर्डवर थबकायला लागला तोही तेव्हापासून.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात सखाराम गेला. तिचा नवरा. भाट्याच्या पुलावर स्कूटर चालवता चालवताच छातीत कळ आली. रितेश तेव्हा एका जुनाट बोटीवर होता, इंटरनेट नाही, काही नाही. सगळे म्हणाले, मथुरा, मेल कर. ती ऑफिसात गेली, मशीन चालू केलं, बोटीचा पत्ता टाकला आणि बसून राहिली. शेवटी मशीन बंद करून परत आली. अग्नी पुतण्याने दिला. अलोऱ्याला दिलेल्या लेकीला, वेदिकाला, तिने शपथ घातली. त्याला आत्ता सांगायचं नाही. उतरेल तेव्हा सांगू.

तो उतरायला पाच महिने होते. मधे बंदराला लागला की रितेश फोन करी आणि बाबांना दे म्हणे. मथुरा म्हणायची, बाबा झोपलेत. एकदा म्हणाली, बाजारात गेलेत. एकदा तर खोकल्याने आवाज बसलाय म्हणाली. गणपतीनंतर रितेश घरी आला. बॅगेत बापासाठी घेतलेलं दाढीचं मशीन होतं. ओटीवर हार घातलेला फोटो. त्याने आरडाओरडा केला नाही. मशीन फोटोखाली ठेवलं, आठवडाभर राहिला आणि बहिणीकडे निघून गेला. मुंडण करून डोकं काढू का असं त्याने भटजींना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, आता पाच महिन्यांनी काय त्याचं. तेव्हापासून सुट्टीत तो अलोऱ्यालाच उतरे.

आपण त्याचा जीव वाचवला, असं मथुरा मनाशी म्हणे. रोज म्हणे. पण हे वाक्य रोज म्हणावं लागतं, याचा अर्थ तिला कळत होता.

सोमवारी सकाळी ती अंगणात बांगडे साफ करत होती. फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक होता. हात कोपराशी पुसून तिने तो कानाला लावला.

“हॅलो.”

पलीकडे घरघर. आवाज जायला आणि यायला वेळ लागत होता.

“वेदिका?”

“वेदिका नाय. मी हाय.”

घरघर तेवढी चालू होती. मांजर बांगड्याजवळ आलं, मथुराने पायाने त्याला हाकललं. आणि मग तिने आवाज ओळखला.

“आये?”

“हां रे. मीच. रितेश?”

“मेल आला…” तो थांबला. “कॅप्टनने बोलावलान. मेल आला, तू…”

मथुराच्या डोळ्यांपुढे ती हिरवी पट्टी आली. पाठवला.

“ती टेस्ट व्हती रे बाबू.”

“काय व्हती?”

“टेस्ट. नवीन सिस्टीमची. बोटीवर जायचा नव्हता तो. मी बरी हाय. काय नाय झालंय मला.”

पुन्हा घरघर. मग तो बोलला तो अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत.

“बाबा गेले तवा मेल नाय आला. म्हणायचीस, झोपलेत. आता आला तो पण खोटा.”

मथुराने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वेदिकाला लावीत व्हतो कालपासून, अलोऱ्याला रेंज नाय,” तो म्हणाला. “म्हटलं तुझा फोन तिच्याकडं असेल.” आणि थोड्या वेळाने, “बरी हायस ना?”

“बरी हाय. तुझ्याजवळ कुणी हाय काय?”

फोन कट झाला होता. मथुराने हातातल्या फोनकडे बघितलं. त्याच्यावर माशाचे खवले चिकटले होते. मांजराने एक बांगडा नेला होता, तो तिला दुपारी कळला.

ऑफिसात फोनचं ऐकलं तशी मनस्वी बॅगसकट खुर्चीत बसली. तिने लॅपटॉप उघडला, आत कुठे कुठे शिरली आणि एका ओळीशी येऊन थांबली. टेस्ट मोड साध्या मेलच्या रस्त्याला लावलेला होता. तातडीच्या रस्त्याला तो वेगळा लावावा लागतो. तो लावायचा राहिला होता.

“माझी चूक आहे, काकी.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मेल मला आला नाही तेव्हाच बघायला हवं होतं. मी… काय बोलू.”

“नाव कुणी दिलान? मीच ना,” मथुरा म्हणाली. “रडू नको. त्याच्याजवळ माणूस ठेवलाय काय ते बघ आधी.”

“कसं बघणार?”

“उत्तर आलं असेल. कॅप्टन उत्तर देतातच.”

मनस्वीने तो न उघडायचा डबा उघडला. इनमीन दोन मेल होते. पहिला कॅप्टनचा. मथुराने तो स्वतः वाचला, ओठ हलवत. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. आपल्या सूचनेप्रमाणे ड्यूटी संपल्यावर सांगितले. एक माणूस त्याच्या केबिनमध्ये झोपला आहे. त्याला दोन दिवस विश्रांती दिली, त्याने ती घेतली नाही. त्याच्या धर्माप्रमाणे डोके काढण्याची परवानगी मागितली, ती दिली. खलाशांचा प्रमुख असलेल्या बोसनने काढून दिले.

तिने तिसरं वाक्य पुन्हा वाचलं. एक माणूस त्याच्या केबिनमध्ये झोपला आहे. हर्णेच्या पोराच्या जिवावर बेतलं तेव्हा शिकलेलं ते वाक्य तिच्या स्वतःच्या मुलाला पोचलं होतं. तिला रडू आलं, ते तिने आवरलं नाही. मनस्वी खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसरा मेल रितेशचा होता. आईची खबर बहिणीनेच ऑफिसातून धाडली असणार असं समजून त्याने तिलाच उत्तर लिहिलं होतं. विषयाच्या जागी तिच्याच मेलचा विषय, आणि खाली लांबलचक मजकूर, रोमन लिपीतल्या मराठीत. वरची एकच ओळ दिसत होती: वेदिका, आयेला मी कधी सांगितला नाय पण. पुढचं उघडल्याशिवाय दिसलं नसतं.

“उघडू?” मनस्वीने विचारलं.

वाचायचं होतं मथुराला. वर्षभर ज्या मुलाचा शब्द कानावर पडला नाही त्याने इतकं लिहिलं होतं, आणि ते तिच्याबद्दल होतं. हात पुढे केला की झालं.

“नको,” ती म्हणाली. “मी गेल्यावरचं आहे ते. मी हाय अजून.”

“मग डिलीट करू?”

“राहूदे. महिन्याने जाईलच ना आपलं आपण?”

अकबरभाई दुपारी आले. त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली.

“अल्ला! जित्या बाईची मय्यत काढलीत तुम्ही दोघींनी.” मग मथुराकडे बघून, खालच्या आवाजात, “पोर ठीक हाय?”

“ठीक हाय.”

“कंपनीला काय सांगायचं?”

“खरं सांगायचं,” मथुरा म्हणाली, “मीच लिहिते.”

तिने कॅप्टनला माफीचा मेल लिहिला, आपल्या जुन्या इंग्रजीत, आणि मनस्वीने त्यातलं एकही अक्षर सुधारलं नाही. कंपनीकडून एक कडक पत्र आलं, ते अकबरभाईंनी ड्रॉवरमध्ये टाकलं. मनस्वीने टेस्ट मोड दोन्ही रस्त्यांना लावला, मग सगळं तपासून काढला. आणि मथुराने सांगितलं म्हणून नो-रिप्लायचा पत्ता बदलला. आता बोटींवरून येणारं प्रत्येक उत्तर मथुराच्या इनबॉक्सला येऊ लागलं.

“काम वाढेल तुमचं,” मनस्वी म्हणाली.

“वाढूदे. मेलला कुणी उत्तर देतो म्हणजे काहीतरी बोलायचं असतं त्याला.”

रितेशचा फोन परत आला नाही. मथुरानेही काही धाडलं नाही. काय धाडणार? मी जिवंत आहे, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यापुढचं जे सांगायचं होतं ते दोन वर्षं शिळं झालेलं होतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. डबा आपोआप रिकामा झाला तो दिवस तिच्या लक्षात आला, पण तिने कुणाला सांगितलं नाही.

चैत्रात सखारामचं श्राद्ध झालं. पुतण्या आला, पान वाढलं, कावळाही चटकन शिवला. बायका म्हणाल्या, समाधानाने गेलाय माणूस. मथुरा हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली, फॉर्म उघडला आणि भरायला बसली. खलाशी: रितेश शिवलकर. नातं: वडील. कारण: मृत्यू. तारखेच्या रकान्यात तिने खरी तारीख घातली. चौकट लाल झाली. तारीख तीस दिवसांपेक्षा जुनी असू नये.

तिने मनस्वीला फोन लावला. “तुझी ती लाल चौकट काढ जरा.”

“कशासाठी, काकी?”

“जुनी बातमी हाय. द्यायची राहिली.”

थोड्या वेळाने चौकट नेहमीसारखी झाली. मथुराने मजकुराच्या जागी तयार वाक्यं पुसून टाकली आणि रोमन अक्षरांत मराठी लिहिलं, रितेश लिहितो तसं. बाबांना पुलावर कळ आली. स्कूटर आपणहून बाजूला लावली, मग खाली बसले. हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा श्वास होता. मला म्हणाले, रितेशला सांग. मी नाय सांगितलं. मला वाटलं सांगितलं तर तू पण जाशील. हर्णेच्या एका पोराला मीच मेल केलेला, तो सकाळी बोटीवर सापडला नव्हता. हे तुला सांगायला हवं होतं. बाबा झोपलेत हे खोटं होतं. अग्नी तुझ्या नावाने दिला, हात पुतण्याचा होता.

शेवटचं वाक्य तिने पुसलं नव्हतं. ड्यूटी संपल्यावर सांगावे, आणि रात्रभर एक माणूस त्याच्याजवळ ठेवावा. तिने बटण दाबलं. हिरवी पट्टी आली.

उत्तर आलं ते तिच्याच इनबॉक्सला. एका शब्दाचं. मिळाला.

तिने ते कितीदा उघडून बघितलं हे सांगण्यात अर्थ नाही. एका शब्दात राग असतो की नसतो हे मेलवरून कळत नाही, एवढं मात्र तिला कळलं.

मे महिन्याच्या अखेरीस, आंबा संपत आलेला असताना, एका सकाळी दाराशी रिक्षा थांबली. मथुरा पडवीत फणसाचे गरे काढत होती. शेजारची काशी तिच्याशी बोलत बसली होती. रितेशने बॅग उतरवली. अलोऱ्याला नाही, तो इथे उतरला होता. मथुरा उठली नाही, हाताला चीक होता. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

डोक्यावर केस होते, पण बोटाच्या पेराएवढेच, खुंटासारखे, सगळीकडे सारखे.

“अरे, डोकं का काढलंस रे?” काशीने विचारलं. विचारल्याशिवाय तिला राहवलं नसतं. “आई जिती हाय ना तुझी.”

“बोटीवर उकाडा फार,” रितेश म्हणाला आणि बॅगेचा पट्टा सोडवत राहिला.

मथुरा त्या केसांकडे बघत होती. तिच्यासाठी काढलेलं डोकं जानेवारीतलं. ते केस एव्हाना कानावर आले असते. हे महिन्या-दीड महिन्याचे होते, त्याच्या पलीकडचे नव्हते. एप्रिलात तिने फॉर्म भरला होता, त्यानंतरचे. त्याने पुन्हा बोसनला वस्तरा मागितला असणार. पाच महिन्यांनी काय त्याचं, असं भटजी म्हणाले होते. त्याने दोन वर्षांनी काढलं होतं.

“उकाड्याने नाय, काशी,” मथुरा म्हणाली. “बापाचं काढलान त्याने.”

काशीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “आता?”

“त्याला खबर उशिरा मिळाली. मीच उशिरा दिली.”

रितेशने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. काशीने आपली सुपली उचलली आणि ती आपल्या दाराकडे गेली.

मथुराने हाताला खोबरेल लावून चीक काढला. उरलेलं तेल वाटीत तसंच होतं. रितेश पायरीवर येऊन बसला, तिच्याकडे पाठ करून, लहानपणी बसायचा तसा. ती त्याच्या मागे बसली. एवढ्याशा केसांना तेल फार लागत नाही. तरी तिने वाटीतलं सगळं लावलं.